माळ्याखाली बसलेली मास्तरीण

२ जानेवारी

दादा,

वर आधी 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. थोरल्या भावाला पत्र लिहिताना मायना कसा असावा हे लहानपणी तूच माझा कान धरून शिकवलं होतंस. आठ वर्षांनी हात आपसूक त्याच वळणावर गेला आणि मग माझी मलाच लाज वाटली. तेव्हा नुसतं दादा. तेही पटलं नाही तर तू खोड.

पत्ता आत्याकडून मिळाला. 'त्याने देऊ नको म्हटलंय हो,' असं तीनदा बजावून तिने तो दिलाच. आत्याच्या पोटात काही राहत नाही हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. म्हणजे तूही तो तिला उगीच दिला नसशील, असं मी आपलं धरून चाललोय. तू एका लाकडाच्या वखारीत राखणदार आहेस म्हणाली. वखारवाला कुत्रं आणत होता, ते तू आणू दिलं नाहीस, हेही म्हणाली. आयुष्यभर कुत्र्यांना शिकवत आलेला माणूस, आणि त्याच्या दाराशी कुत्रं नाही. हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

लिहायचं कारण साधं आहे. मास्तरीण आजारी आहे. बारा वर्षांची झाली. तिचं काळं तोंड आता पिठात बुडवून काढल्यासारखं पांढरं झालंय. मागचे पाय सरळ होत नाहीत. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, दोन महिने, फार तर अडीच. तिला तू घडवलंस, हे नावही तूच दिलंस. लोकांच्या पिशव्या ती अशा नजरेने हुंगायची की जणू मुलांच्या गृहपाठाच्या वह्या तपासतेय. तेव्हा तुला कळवणं माझं काम.

बाकी सगळं ठीक आहे. मी अजून धक्क्यावरच आहे. श्वानपथक तेव्हाच मोडलं, हे तुला माहीत आहेच. मी आता बोटीच्या प्रतीक्षालयाच्या दाराशी मशीनवर बसतो. दहा दारांपैकी एकच उघडं असतं. लोक पट्ट्यावर पिशवी ठेवतात, ती काळ्या पडद्याआड जाते आणि माझ्या समोरच्या काचेवर तिच्या आतलं सगळं तरंगत येतं. खाण्याचं, कापडाचं, कागदाचं नारिंगी दिसतं, लोखंडाचं निळं. एका बाईच्या पिशवीत परवा नारिंगी सफरचंदं होती आणि त्यांच्यात बियासुद्धा दिसत होत्या. मी पट्टा थांबवून जरा जास्तच वेळ बघत बसलो. मागून कुणीतरी ओरडलं, 'अहो, बोट सुटेल!' या कामात डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं, आणि मला मात्र दिवसेंदिवस ते सगळं पाण्याखालचं दिसायला लागलंय.

सवय माणसाला कुठे नेऊन ठेवते बघ. बेकरीच्या दाराशी पोचलो की ही पर्स उघडून उभी राहते, कुणी मागितली नसताना. परवा बेकरीवाला म्हणाला, 'वहिनी, मला काय दाखवताय?' धक्क्यावर दर पाच मिनिटांनी कर्णा सांगतो, बेवारस वस्तूला हात लावू नका. आमची चिमणी, तू गेलास तेव्हा तीन वर्षांची होती, ती आता दप्तर भरताना हे गुणगुणते. चालही लावली आहे तिने, चांगली आहे.

मास्तरणीला बघायला यावंसं वाटलं तर ये. नाही आलास तरी हरकत नाही.

तुझा,
धाकटा


१३ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. मी काही वाट बघत नव्हतो. पोस्टमन आमच्या गल्लीत अकराला येतो, एवढं मात्र मला आता नेमकं कळलंय.

आज दुपारी पाळी संपवून आलो आणि अंथरुणावर कलंडलो. ऊन पडद्यातून गाळून येत होतं. डोळा लागला तेव्हा मी जुन्या प्रतीक्षालयात होतो, सगळी दारं उघडी होती आणि समुद्र आत आला होता, पण कुणाला ओलं करत नव्हता. माणसं बाकांवर वर्तमानपत्र वाचत बसलेली. त्यांच्यामधून तो हिरवा चेंडू उड्या मारत चालला होता, इतका सावकाश की प्रत्येक उडीला मी एक श्वास घेत होतो. मला त्याच्यामागे जायचं नव्हतं. पण पाय निघाले. जागा झालो तेव्हा मास्तरीण माझ्या उशाशी नव्हती. ती आपल्या नेहमीच्या जागी बसली होती.

ती जागा कोणती, ते नंतर सांगेन.

आधी कामाचं. येत्या बारा फेब्रुवारीला धक्क्यावर स्मृतिदालन उघडणार आहेत. आठ वर्षं झाली त्या सकाळीला. चौदा जणांची छायाचित्रं, वितळलेलं घड्याळ, एका भिंतीवर त्या सकाळची हकीगत. हकीगतीचा मजकूर बंदर मंडळाच्या बाईंनी माझ्याकडे पाठवलाय. श्वानपथकातला माणूस म्हणून मी तो वाचून खाली सही करायची. पाच तारखेच्या आत. मग तो दगडात कोरणार. त्यातल्या दोन ओळी तुला लिहून पाठवतो:

'त्या सकाळी गस्तीवर असलेल्या श्वानाने कोणताही इशारा दिला नाही. प्रशिक्षणातील हा दोष पुढे दूर करण्यात आला.'

दोष म्हणजे तू.

मी कागद टेबलावर ठेवला. हिने वाचला आणि म्हणाली, 'आठ वर्षांनी भाऊजींच्या डोक्यावर पुन्हा खापर? आता दगडावर?' मी म्हणालो, मी काय करू, चौकशीचा अहवालच तसा आहे. ती म्हणाली, 'तुम्ही होतात ना तिथे?'

होतो. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता कविता म्हटल्यासारखं येतं. मंगळवार. धुकं होतं, पहिली बोट खोळंबलेली, त्यामुळे गर्दी. नऊ चाळीसला मी मास्तरणीला घेऊन प्रतीक्षालयात फेरी मारली. ती तिसऱ्या खांबापाशी थबकली नाही. ती कंटाळलेली दिसली म्हणून मी तिला जरा खेळवायला चेंडू टाकला. चेंडू बोटीच्या फळीकडे गेला, ती त्याच्यामागे गेली, मी तिच्यामागे. नऊ एक्कावन्नला खांबामागची पिशवी फुटली. आम्ही दोघं बाहेर होतो. संपलं.

चौकशीत मी हेच सांगितलं. तू माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होतास. त्यांनी भिंतीवर कॅमेऱ्याचं चित्र लावलं. खांबामागचं काही दिसत नव्हतं, मधे खांबच होता. पण चेंडू दिसला. खांबाच्या आडून निघाला आणि चित्राच्या बाहेर गेला. तेव्हा तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. एकदाच.

मग साहेबांनी तुला विचारलं, तुमची कुत्री भुंकत नाहीत, नुसती बसतात, ही पद्धतच चुकीची नाही का? सापडल्यावर गप्प बसणारं कुत्रं काय कामाचं? याच मुद्द्यावर तू पूर्वी अख्ख्या खात्याशी भांडला होतास. 'ज्याला खरंच सापडलंय त्याला ओरडायची गरज नसते,' हे तुझं वाक्य तुझ्या कुत्र्यांच्या शाळेच्या पत्र्यावर रंगवलेलं होतं. मी वाट बघत होतो, आता दादा उसळणार. तू खाली बघून म्हणालास, 'शिकवण्यात माझीच चूक झाली असेल.'

महिन्याभरात शाळेला कुलूप लागलं. तू कुणाशी न बोलता गेलास.

ती नजर कसली होती, एवढं मला विचारायचं होतं. आठ वर्षं विचारायचं होतं.

धाकटा


२१ जानेवारी

दादा,

काल मास्तरणीला उचलून गच्चीवर नेलं. आता तिचं वजन चिमणीच्या दप्तराएवढंच राहिलंय. समुद्रावर धुकं होतं, बोटींचे भोंगे येत होते पण बोटी दिसत नव्हत्या. ती नाक वर करून एकेक वास नीट तपासत होती. कान पडले, डोळ्यांत ढग आलेत, पण नाक शाबूत आहे. डॉक्टरही तेच म्हणाले. म्हणूनच लिहायला बसलोय, नाहीतर मी तिच्या जाण्याची वाट बघितली असती. हेही खरंच सांगतो.

तर ती जागा.

आमच्या आतल्या खोलीत वर माळा आहे. माळ्यावर जुने डबे, पाळण्याच्या काठ्या आणि एक पत्र्याची ट्रंक. आठ वर्षं मास्तरीण रोज त्या माळ्याखाली जाऊन बसते. पाठ ताठ, पुढचे पाय जुळवलेले, नाक वर. भुंकत नाही, खरवडत नाही. मी खोलीत आलो की फक्त मान वळवून माझ्याकडे बघते. मग पुन्हा वर. ही म्हणते वर उंदीर असतील, तिने दोनदा माळा झाडून घेतला. डॉक्टर म्हणाले, सांधे दुखत असतील म्हणून गार फरशीवर बसत असेल. चिमणी म्हणते, ती देवाला विचारतेय. मी या सगळ्यांना हो हो म्हणत आलो.

ट्रंकेत माझा त्या दिवशीचा गणवेश आहे. धूर, माती आणि जे काही त्या पिशवीत होतं ते सगळं त्यात मुरलंय. धुवायला टाकवेना, जाळवेना. कुलूप लावून वर ठेवला. किल्ली कुठे आहे असं हिने विचारलं तेव्हा हरवली म्हणालो.

तिला तू जे शिकवलंस तेच ती करतेय, दादा. आठ वर्षं, रोज, न चुकता. आणि मी तिला एकदाही चेंडू दिला नाही.

आता हे लिहिलंच आहे तर तेही लिहितो.

ती बसली होती.

तिसऱ्या खांबामागे तपकिरी पिशवी होती. मास्तरीण तिच्याजवळ गेली, एकदा हुंगलं, आणि बसली. तुझ्या शाळेत बारा डब्यांच्या रांगेत सातव्या डब्यापाशी बसायची तशी. मग माझ्याकडे बघितलं.

मंगळवार होता. मंगळवारी आमचा सराव असायचा, तूच घालून दिलेला. दिवसचे दिवस काहीच सापडलं नाही तर कुत्र्याचा जीव कामातून उडतो, म्हणून आठवड्यातून एकदा पथकातल्या एकाने स्फोटकाच्या वासाची सरावाची डबी जुन्या पिशवीत घालून कुठेतरी लपवायची. आमच्या लपव्याला त्यात भारी मजा यायची. त्याला तपकिरी पिशव्याच आवडायच्या. तुझा नियम होता की कुत्रं बसलं की ते खरंच आहे असं धरायचं, लपव्याला वायरलेसवर विचारायचं, त्याने हो म्हटल्यावरच चेंडू. पण मंगळवारी कुणी विचारत नसे. मंगळवारी बसली म्हणजे लपव्याची पिशवी, हे आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. तुला कधी कळू दिलं नाही.

लपव्याची बायको त्या सकाळी दवाखान्यात होती, बाळंत होत होती. तो रजेवर होता. चौकीतल्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, आज सराव नाही. मी फळा पाहिलाच नाही. उशीर झाला होता म्हणून मागच्या फाटकातून सरळ प्रतीक्षालयात गेलो होतो.

मी तिला म्हणालो, 'शाबास मास्तरीणबाई.' आणि चेंडू टाकला. बक्षीस म्हणून. आणि त्या बक्षिसामागे धावत आम्ही दोघं वाचलो.

प्रतीक्षालय रिकामं करायला सहा मिनिटं लागायची. आम्ही कवायत केलेली होती. माझ्याकडे अकरा होती.

पहिल्या रात्री साहेबांनी विचारलं, कुत्र्याने काही दाखवलं का? माझ्या कानात अजून शिट्टी वाजत होती. मी नाही म्हणालो. तेव्हा वाटलं, उद्या सकाळी नीट सांगू. सकाळी ते छापून आलं होतं.

पुढचं लिहवत नाही. हात भरून आलाय.

धाकटा


२९ जानेवारी

दादा,

तुझं कार्ड आज अकरा वाजून दहा मिनिटांनी आलं. पोस्टमनने ते वाचलं होतं, कारण देताना तो म्हणाला, 'कुत्रा पाळलाय वाटतं?'

दोनच वाक्यं. 'चेंडू मी तेव्हाच पाहिला होता. आता तो तिला दे.'

मी ते घेऊन जिन्यातच बसलो. जिन्याच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा पायरीवर पडला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेजारच्या काकू वरून खाली गेल्या, भाजी घेऊन वर आल्या, तरी मी तिथेच. म्हणाल्या, 'बरं वाटत नाही का रे?' मी म्हणालो, भावाचं पत्र आलंय.

म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या हाताखाली शिकलेला माणूस कुत्रं बसल्याशिवाय चेंडू खिशातून काढणार नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? भिंतीवर चेंडू दिसला आणि तू सगळं वाचलंस. तोंडातून ब्र काढला असतास तर शाळा वाचली असती. मी तुरुंगात गेलो असतो. मांडीवर तीन वर्षांची पोर होती. तू खाली बघितलंस आणि चूक आपल्या पदरात घेतलीस. आणि मी नालायक, आठ वर्षं त्या नजरेला घाबरत राहिलो. वाटायचं, दादा मला विचारतोय. तू विचारत नव्हतास. तू निरोप घेत होतास.

मी आज खूप रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

तुझं दुसरं वाक्य मी दिवसभर तोंडात घोळवतोय. तुझ्या शाळेतला पहिला धडा मला आठवतो. कुत्रं बसतं म्हणजे ते आपल्याला विचारतं, मी म्हणतो ते खरं ना? चेंडू म्हणजे आपलं हो. हो म्हणायला उशीर केलात तर ते स्वतःवरच शंका घ्यायला लागतं. मास्तरणीने आठ वर्षं शंका घेतली नाही, ही तिची थोरवी. पण तिला हो म्हणायचं तर ट्रंक खाली काढावी लागेल. आणि ट्रंक काढली की ते घरातल्या घरात राहणार नाही.

आणखी एक आहे. मागच्या पत्रात लिहवलं नव्हतं ते.

तिसऱ्या खांबाला लागून चहावाल्या मावशीचा ठेला होता. तुला ती आठवत असेल, तू आलास की साखर कमी घालायची आणि 'मोठे मास्तर आले' म्हणायची. मास्तरीण पिशवीपाशी बसलेली तिने पाहिली. कप विसळत होती. हसून म्हणाली, 'आज काहीतरी सापडलं वाटतं हिला!'

मी म्हणालो, 'सराव आहे हो मावशी. घाबरू नका.'

ती म्हणाली, 'मग ठीक आहे.' आणि पुढचा कप उचलला.

घाबरू नका म्हणालो, दादा. मी तिला सांगितलं घाबरू नका.

तिची लेक आता धक्क्यावर माझ्या शेजारच्या मशीनवर असते. आईच्या जागी मंडळाने नोकरी दिली. भली मुलगी आहे. दर बारा फेब्रुवारीला माझ्या हाताला धरून म्हणते, 'तुम्ही वाचलात ते बरं झालं. आईला शेवटचं बघितलेलं कुणीतरी आहे.' माझ्या डब्यात भाजी कमी दिसली तर आपल्यातली वाढते. आठ वर्षं मी ती खातोय.

मजकूर टेबलावर आहे. पाच तारीख गुरुवारी आहे. ही काही विचारत नाही, पण काल तिने त्यावर दौत ठेवली, उडू नये म्हणून.

धाकटा


७ फेब्रुवारी

दादा,

क्रमाने सांगतो, नाहीतर पुन्हा काहीतरी गाळेन.

मंगळवारी हिला सांगितलं. सगळं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली, तेच ताट तीनदा. मग म्हणाली, 'उंदीर नव्हते तर.' पुढे म्हणाली, 'आमचं काय होईल ते होईल, भाऊजींना एकदा तोंड दाखवता आलं पाहिजे.' मग ती आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. अजून माझ्याशी फारसं बोलत नाही. बोलेल.

बुधवारी पाळी सुरू व्हायच्या आधी मावशीच्या लेकीला धक्क्याच्या टोकाला नेलं. धुकं होतं. माणसं त्यातून अर्धीमुर्धी दिसत येत होती, आधी पाय, मग पिशवी, मग चेहरा. मी सांगत होतो आणि माझाच आवाज मला पलीकडच्या बोटीवरून येतोय असं वाटत होतं. माझं सांगून झाल्यावर तिने विचारलं, 'आई काय म्हणाली?' मी सांगितलं, 'मग ठीक आहे' म्हणाली. 'हसत होती?' हो म्हणालो. हसत होती.

ती पाण्याकडे वळली. मग म्हणाली, 'तुम्ही माझ्याशी बोलू नका आता.' आणि दाराशी गेली, आपली पिशवी आपल्याच पट्ट्यावर ठेवली आणि कामाला लागली. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही. मीही नाही. मला ती माफ करील असं मला वाटत नाही, आणि करावं असं म्हणायचा हक्क मला नाही.

गुरुवारी मजकुरावर सही न करता तो घेऊन मंडळाच्या बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, 'तुम्ही काय सांगताय ते कळतंय ना तुम्हाला?' मी म्हणालो, आजच कळतंय. त्यांनी फोन लावले. दुपारी तीन साहेब आले. मी लिहून दिलं, आठ पानं. चौकशी पुन्हा उघडणार. मला कामावरून काढलंय. पुढे काय कलम लागेल ते वकील बघतोय. दगड कोरायचा थांबवलाय. मी एकच मागणी केली की त्या दोन ओळींच्या जागी काहीही घाला, पण तिच्या आणि तुझ्या नावाला लागलेलं पुसा. बाई म्हणाल्या, 'पुसायचं नाही, खरं लिहायचं.' बाई शहाण्या आहेत.

काल सकाळी गणवेश न्यायला माणसं येणार होती. त्याआधी मी ट्रंक खाली काढली. धूळ उडाली, ही दारात उभी राहिली, चिमणी तिच्या मागे. किल्ली माझ्या जुन्या बुटात होती. झाकण उघडताच मास्तरीण आपल्या जागेवरून उठली. चार पावलं टाकायला तिला फार वेळ लागला. ट्रंकेपाशी आली, एकदाच हुंगलं, आणि बसली. मागचे पाय थरथरत होते तरी पाठ ताठ. मग माझ्याकडे बघितलं.

मी खाली बसलो. 'हो,' म्हणालो. 'खरं आहे, मास्तरीणबाई. तेव्हाही खरं होतं.' आणि चेंडू दिला.

तोच हिरवा, दादा. तोही ट्रंकेतच होता. टाकला नाही, तिला धावता येत नाही. फरशीवरून हळूच सोडला. तो तिच्या पायाशी येऊन थांबला. तिने आधी चेंडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, नक्की ना, अशा अर्थाने. मग मान खाली घालून तोंडात धरला. शेपूट फरशीवर आपटत होती. चिमणी म्हणाली, 'बाबा, ती हसतेय.' माणसं आली तेव्हाही तिने तो सोडला नाही. साहेब म्हणाले राहू दे, चेंडू नको आम्हाला.

ट्रंक गेली. मी माळा पुसून घेतला.

तू येणार आहेस असं आत्या म्हणते. 'मी सांगितलं असं त्याला सांगू नकोस,' म्हणाली, म्हणूनच सांगतो. आलास तर धक्क्यावर तुझी पिशवी पट्ट्यावर ठेवायला लावतील, बूटही काढायला सांगतील. चिडू नकोस. मशीनवर मी नसेन. मावशीची लेक असेल. तिला तू कोण ते सांग.

लवकर ये. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन महिन्यांतला एक सरला.

आज सकाळी उठलो तर मास्तरीण आतल्या खोलीत निघाली होती, रोजच्यासारखी. मी दारात उभा राहून बघत होतो. ती माळ्याखाली गेली. नाक वर केलं. डावीकडे हुंगलं, उजवीकडे हुंगलं, पुन्हा एकदा नीट हुंगलं. मग वळली, खिडकीखालच्या उन्हात गेली, चेंडूवर हनुवटी टेकली आणि झोपली.

आज ती बसली नाही, दादा.

धाकटा